मुलगी घरी नाही

अलीकडे मला सकाळी एका जागी बसवत नाही. चहा उभ्यानं पितो. पेपर उघडतो आणि पहिल्या पानावरच मिटतो. दारापर्यंत जातो, कडी काढलेली आहे ना बघतो, परत येतो. बायको म्हणते, "बसा ना जरा. दार काही पळून जात नाही." तिचं बरोबर आहे. पण ज्या तासात मी माझ्या मुलीचं नुकसान केलं तो तास रोज सकाळी येतो, आणि तो जाईपर्यंत माझे पाय स्थिर होत नाहीत.

आम्ही सुरतेत बमरोलीला राहतो. मूळचे धुळे जिल्ह्यातले. वडील लूम चालवायला सुरतेत आले, मागून आम्ही आलो. मी लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कापडाचे ताके तपासतो. काचेच्या टेबलाखाली दिवा असतो, वरून कापड सरकत जातं, धागा तुटलेला दिसला की खडूनं खूण करायची. माझी मुलगी धावते. शंभर आणि दोनशे मीटर. हे वाक्य इतकं सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली.

ती शाळेत असताना तिच्या खेळाच्या बेन घरी आल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "भाई, आ छोकरीने दोडवा दो." या पोरीला धावू द्या. घरी आलेल्या शिक्षिकेला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी हो म्हणालो. माझा होकार तेवढाच होता. पुढे तिला खेळावर कॉलेजात प्रवेश मिळाला, विद्यापीठाच्या संघात ती आली, रिलेत निवडली गेली. पहाटे मैदानावर जाताना ती पळायच्या कपड्यांवर सलवार-कमीज घालायची आणि तिथं पोचल्यावर काढून पिशवीत ठेवायची. ती कल्पना तिची नव्हती, माझी होती. गल्लीत कुणी विचारलं तर मी सांगायचो, क्लासला गेलीय. बाहेरगावी स्पर्धा असली की मावशीकडे गेलीय. मेडलं कपाटात साड्यांच्या खाली असायची. बायको साडी काढायला गेली की ती खळखळ खाली पडायची आणि आम्ही दोघंही ती उचलून परत ठेवायचो.

खेळाडूंच्या जागेवर तिला सुरतेतच सरकारी नोकरी लागली तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. नोकरी कशी लागली ते कुणाला सांगितलं नाही. "परीक्षा दिली होती," म्हणालो. शेजारच्या काकूंनी आपल्या मुलाला माझ्यासमोर टोमणा मारला, "बघ, पोरगी असून अभ्यास करते." मी तो टोमणाही ऐकून घेतला.

आणि मी तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं. ड्युटी असते, असं सांगायचो. सुट्टीच्या दिवशीही गेलो नाही. मैदानात एवढ्या लोकांसमोर आपली मुलगी चड्डीवर उभी आहे आणि आपण तिचे वडील म्हणून बाकावर बसलोय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मला उठून काहीतरी कामाला लागावंसं वाटायचं.

आता त्या तपासणीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोठ्या स्पर्धांत उतरणाऱ्यांनी उत्तेजक औषधं घेतलीत का, हे तपासतात. ते फक्त मैदानावर तपासत नाहीत. रोज एक तास आपण नक्की कुठे सापडू, हे खेळाडूनं आधी मोबाईलवरून कळवून ठेवायचं. त्या तासात कुठल्याही दिवशी माणसं नमुना घ्यायला येतात, न सांगता. खेळाडू सापडला नाही तर एक चूक धरतात. वर्षभरात अशा तीन झाल्या की दोन वर्षांपर्यंत बंदी. माझ्या मुलीची एक चूक आधीच झाली होती. शिबिरात ऐनवेळी हॉस्टेल बदललं आणि नवा पत्ता भरायचा राहिला. तेव्हापासून ती फार जपून होती. ती पंचविशीत आहे. या वयात दोन वर्षं गेली तर पुन्हा तो वेग येत नाही, असं ती आईला सांगताना मी ऐकलं होतं.

शिबिरातून परत आल्यावर तिनं सकाळच्या तासासाठी आमच्याच घराचा पत्ता भरला. जेवताना मला म्हणाली, "पप्पा, सकाळी कुणीही आलं तर आधी मला हाक मारायची. कोण, कशाला, काही विचारत बसू नका."

"पोलीस येतात का?" मी विचारलं.

"पोलीस कशाला? साधी माणसं असतात."

तिनं मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मी मान हलवली आणि भाकरी मोडली. तिनं साधी माणसं म्हटलं, पण माझ्या डोक्यात सरकारी जीप आणि खाकी कपडेच राहिले.

त्याच आठवड्यात गावाहून माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. मुलगी त्यांना आबा म्हणते. आबांनी एक स्थळ काढलं होतं. मुलगा इंजिनिअर, घर अमळनेरकडचं. आमच्या लोकांत बघण्याचा कार्यक्रम ठरायच्या आधी मुलाकडचे चौकशीला माणसं पाठवतात. नात्यातलंच एखादं जोडपं असतं. ते सांगून येत नाहीत. गल्लीत चहा पितात, दुकानदाराला विचारतात, कधी काहीतरी निमित्त काढून थेट दारात येतात. माझ्या बहिणीचं एक लग्न असंच मोडलं होतं. चौकशीला आलेल्यांनी तिला नळावर भांडताना पाहिलं.

आबा घरी अहिराणीतच बोलतात. म्हणाले, "आंडेरले आठ दिन घरमाच ठेव. त्या चड्डीवर दिसनी तर हाई स्थळबी जाई." लेकीला आठ दिवस घरात ठेव, चड्डीवर दिसली तर हेही स्थळ हातचं जाईल. मी हो म्हणालो. बायकोला सांगितलं. मुलीला सांगितलं नाही. आधी चौकशी तर होऊ दे, मग बघू, असं आम्ही ठरवलं.

दोनच दिवसांनी सकाळी कडी वाजली. मी दार उघडलं. एक बाई आणि एक माणूस. बाई चाळिशीच्या, साधा पंजाबी ड्रेस. माणसाच्या खांद्यावर बॅग. त्यानं माझ्या मुलीचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट.

"यहीं रहती हैं?"

"हाँ."

"घर पर हैं?"

ती वर टेरेसवर होती. तिच्या दोरीउड्यांचा आवाज येत होता. शेजारच्या खात्यातल्या लूमच्या खडखडाटात तो बहुतेक मला एकट्यालाच ऐकू आला असावा. मी त्या बाईंकडे पाहिलं. त्या माझ्या खांद्यावरून घरात बघत होत्या. हिंदीत बोलतायत ते ओळख लपवायला, असं मला वाटलं.

"आप कौन?"

"थोड़ा काम था उनसे," तो म्हणाला आणि त्यानं खिशात हात घातला. कदाचित ओळखपत्र काढत असेल. मी वाट पाहिली नाही.

"घर पे नहीं है. गाँव गई है, मौसी के यहाँ."

हे मला जुळवावं लागलं नाही. तोंडातून आपोआप आलं. इतकी वर्षं हेच वाक्य गल्लीला सांगत आलो होतो, फक्त या वेळी ते हिंदीत होतं.

"कब आएँगी?"

"आठ-दस दिन."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "हम थोड़ी देर यहीं रुकते हैं," बाई म्हणाल्या. त्यावरून माझी खात्रीच पटली. समोरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, ते जाऊन बसले आणि लारीवाल्याशी बोलू लागले. चौकशी.

बायको आतून आली. "कोण होतं?"

"मुलाकडचे."

"एवढ्या सकाळी?"

"हेच तर. झोपेतून उठवून बघायला आलेत."

"मग आत का नाही बोलावलं? पोहे टाकले असते."

"आणि ती तशीच खाली आली असती तर?"

बायकोनं पदर खोचला. मग आम्ही दोघांनी मिळून जे केलं त्यातलं अर्धं पाप तिच्या नावावर टाकायला मला आवडलं असतं, पण सांगितलं मीच. "वर जा आणि तिला वरच अडकवून ठेव." बायको भिजवलेल्या गोधड्यांची बादली घेऊन वर गेली. मायलेकी गोधड्या पिळत बसल्या. मी खिडकीच्या पडद्याआडून लारीकडे बघत उभा राहिलो. बाई मधूनमधून घड्याळ बघायच्या. मला त्यांचा राग येत होता. काय घाई आहे एवढी, असं वाटत होतं.

तो तास संपत आला तेव्हा मुलीचा फोन वाजला. टीव्हीजवळ चार्जिंगला लावला होता. अनोळखी नंबर. आता हे लोक थेट मुलीला फोन करायला लागले, असं मनात येऊन मी बाजूचं बटण दाबलं. आवाज बंद झाला. स्क्रीन थोडा वेळ उजळत राहिली, मग विझली.

ती हात पुसत खाली आली. सवयीनं फोन उचलला. तिचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेला नव्हता, हिशोब जुळवत असलेला होता.

"पप्पा, कोण आलं होतं?"

"कुणी नाही. आबांच्या ओळखीचे."

"बाई होती का बरोबर?"

"होती."

"बॅग?"

माझी नजर खिडकीकडे गेली. तिनं खिडकीतून पाहिलं. लारीवर कुणी नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा वळत होती.

ती अनवाणीच बाहेर पडली. मी मागून दारात आलो. माझ्या मुलीला धावताना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. आमच्या गल्लीत हातगाड्या असतात, सांडपाणी असतं, ताक्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो उभे असतात. ती यातल्या कशालाही न शिवता गेली. वरचं अंग जवळजवळ हलत नव्हतं, डोकं स्थिर होतं. घाईत पळणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. तिच्यात घाई दिसत नव्हती, आणि तरी रिक्षेपर्यंतचं अंतर भराभर कमी होत होतं. नळावरच्या बायका उभ्या राहिल्या. एक टेम्पोवाला हॉर्न दाबायचं विसरला. क्षणभर, मला हे लिहायला लाज वाटते, क्षणभर मला फक्त आनंद झाला. मग रिक्षा मुख्य रस्त्याला लागली, तिथं गाड्यांची रांग होती आणि ती दिसेनाशी झाली.

लारीवाला माझ्याजवळ आला. "काका, आ तमारी छोकरी?"

"हो."

"ती तर गावाला गेलीय ना? ते दोघं विचारत होते, मी पण तेच सांगितलं. काकू पण तेच म्हणाल्या. तुम्ही नेहमी सांगता ते."

म्हणजे ते दोघं तासभर गल्लीला विचारत होते आणि सगळी गल्ली एकमुखानं खोटं बोलत होती. त्यातला एकही माणूस वाईट नव्हता. ते माझं वाक्य सांभाळत होते.

ती चालत परत आली. तळव्याला काहीतरी लागलं होतं, टाच टेकवत नव्हती. पायरीवर बसून तिनं पाय उलटा करून पाहिला. बायको हळद आणायला धावली. मुलगी शांतपणे म्हणाली, "तुम्हाला कोण वाटले ते?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोच म्हणाली, "तुझ्या आबांनी एक स्थळ सांगितलंय."

"कुणासाठी?"

बायकोनं हळदीची वाटी पायरीवर ठेवली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या लोकांना सांगितलंय का, मी काय करते ते?"

"नोकरी करते म्हणून सांगितलंय."

"पळते म्हणून?"

मी हळदीच्या वाटीकडे बघत राहिलो.

"बरं," ती म्हणाली आणि पाय धुवायला उठली.

तपासणीवाल्यांनी दुसरी चूक धरली, पण तिला खुलासा द्यायची संधी होती. त्यात मला माझं म्हणणं लिहून द्यायचं होतं. आबांनी फोनवर सल्ला दिला की सांग, मी आजारी होतो, कानानं कमी ऐकू येतं. लूममधल्या माणसाचं कोणीही खरं मानेल. मला तो सल्ला पटला होता. मी तिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "पप्पा, जे झालं तेच लिहा. अजून एक खोटं मला सांभाळता येणार नाही." मग मी लिहिलं. ती घरी होती. मला माहीत होतं. मी तिला वर अडकवून ठेवलं. फोन मी बंद केला. तिनं ते इंग्रजीत उतरवलं आणि पाठवलं. उत्तर आलं की खेळाडूनं सापडणं ही खेळाडूचीच जबाबदारी आहे, घरच्यांनी काय सांगितलं हे कारण धरता येत नाही. दुसरी चूक कायम. आता वर्ष संपेपर्यंत एकच बाकी होती.

मी आबांना फोन करून स्थळ थांबवायला सांगितलं. "मग पयू दे तिले जलमभर," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर ते बोललेले नाहीत.

काही दिवसांनी मुलीनं बॅग भरली. पर्वत पाटियाच्या बाजूला तिच्याबरोबर पळणारी एक मुलगी खोली घेऊन राहते, तिथं जाते म्हणाली. "रागानं नाही म्हणत, पप्पा. पण इथं मला झोप लागत नाही. कडी वाजेल आणि मला ऐकूच येणार नाही, असं वाटत राहतं." मी म्हणालो, मी दारातच झोपेन. ती हसली. "तुम्ही दारात होताच ना."

हे ती चेष्टेत म्हणाली. मला खात्री आहे, चेष्टेतच.

लग्न न झालेली मुलगी त्याच शहरात वेगळी का राहते, हे गल्लीत सगळ्यांनी विचारलं. मी खरं सांगायचं ठरवलं होतं. पण खरं सांगायची मला सवय नाही. मी सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतो, तपासणी, तास, चूक असं सांगत जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मुलीनं काहीतरी घेतलं असणार. काकूंनी तर सरळ विचारलं, "औषधं घ्यायची का हो ती?" तेव्हा मी चिडलो. मग लक्षात आलं, हेही मीच केलं. इतकी वर्षं ती धावते हे सांगितलं असतं तर आज एवढं समजवावं लागलं नसतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, राहतात, झोके बांधतात. बायकोनं टेरेसवरच्या लोखंडी पाइपला दोर बांधून ठेवला होता. मुलगी दुपारी आली. पुरणपोळी खाल्ली, आंब्याचा रस दोनदा घेतला, झोक्यावर बसून आईबरोबर आखाजीची गाणी म्हटली. तिला सगळी येतात. ऊन कलायला लागलं तशी ती मोबाईल बघू लागली.

"आजची रात्र तरी राहा," बायको म्हणाली. "लगीन न होता पाहुणी झाली माझी पोर."

"मम्मी, सकाळी तिकडं असायला हवं."

"तो पत्ता मोबाईलवरच बदलता येतो ना? तूच सांगत होतीस, मिनिटाचं काम आहे."

"येतो."

"मग बदल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. त्या बघण्यात राग नव्हता. काचेवरचा ताका बघताना मी बघतो तसं, इथून पुढे धागा टिकेल का, एवढंच.

"नको," ती म्हणाली.

मी स्कूटर काढली. ती मागे बसली. पर्वत पाटियाला कापड मार्केट सुटायची वेळ होती, गर्दीत गाडी रेटत नेली. तिच्या घराखाली मालकीणबाई, वयस्कर बा, ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांना सांगणार होतो की सकाळी कुणी आलं तर. मी तोंड उघडण्याआधीच मुलगी म्हणाली, "बांना सगळं माहीत आहे, पप्पा." बांनी मान हलवली. माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, म्हणजे माझंही माहीत असणार.

ती हेल्मेट काढून माझ्या हातात देत होती. मी विचारलं, "पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे ना तुझी?"

"हो."

"कुठं?"

तिनं गाव सांगितलं. रेल्वेनं सकाळी निघालं की दुपारी पोचतो, असं ते गाव.

"मी आलो तर?"

हेल्मेटचा पट्टा ती उगाच गुंडाळत राहिली. मी घाईघाईनं म्हणालो, "नको असेल तर नको." गेली अनेक वर्षं तिनं मला बोलावलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. आता मी विचारत होतो आणि गाडीवर मला धड बसताही येत नव्हतं. एक पाय खाली, एक वर.

"आलात तर मला आधी सांगू नका," ती म्हणाली. "तुम्ही बसलाय हे माहीत असलं तर मी तिकडंच बघत राहीन."

आणि ती जिना चढून गेली.

हे हो होतं की नाही, ते पर्वत पाटियापासून बमरोलीपर्यंत मला ठरवता आलं नाही. अजूनही नाही. सकाळी तिचा तो तास सुरू झाला की मी घरात फेऱ्या मारतो. कुणी गेलं असेल का, बेल वाजली असेल का, तिनं दार उघडलं असेल का. फोन करावासा वाटतो, करत नाही. वर्ष संपायला अजून अवकाश आहे. मधे ती स्पर्धा आहे. मी तिकीट काढून ठेवलं आहे. खात्यात सुट्टी मागताना शेठनं विचारलं, कशाला जातोस. मी म्हणालो, मुलगी धावते, बघायला जातोय. तो वहीतून मान वर न काढताच हो म्हणाला, त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. बायकोला सांगितलं आहे. मुलीला सांगितलेलं नाही.